करंटची गोधडी

पहिला मेल मी न उघडताच पुसून टाकला. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, एका हातात मेथीच्या भाजीचा घास, दुसऱ्या हाताने फोन चाळत होते. विषय असा होता की तुम्ही पूर्वी घेतलेल्या एका वस्तूबद्दल सुरक्षेची महत्त्वाची सूचना आहे. असले मेल रोजच येतात. कुणाचं पार्सल अडकलेलं असतं, कुणाचं खातं बंद पडायला आलेलं असतं आणि सगळ्यांना माझ्या कार्डाचा नंबर हवा असतो. दोन दिवसांनी तोच मेल पुन्हा आला. या वेळी खाली चित्र होतं, आणि चित्रात आमची गोधडी होती.

गोधडी म्हणजे खरं तर हीटेड थ्रो. सोफ्यावर बसून अंगावर घ्यायचं मऊ, लोकरीसारखं पांघरूण, आत बारीक तारा, एका कोपऱ्यात प्लग आणि वायरीच्या मध्यावर तीन बटणांचा कंट्रोलर. आई ऑक्टोबरात नाशिकहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आली, सहा महिन्यांसाठी. आल्या आल्या तिने घरातल्या हीटरवर अविश्वास जाहीर केला. 'हवा गरम होते गं, हाडं नाही होत.' तिचे गुडघे गेली दहा वर्षं बोलतात. नाशिकला ती तव्यावर सुती कापड गरम करून शेकायची, नाहीतर रबरी पिशवी. इथे इंडक्शनच्या शेगडीवर कापड कसं गरम करणार? मग कपाटातून ही काढून दिली. तिने दोन दिवस संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी पायांवर घेतली आणि नाव ठेवलं, करंटची गोधडी. पुढचे अडीच महिने ती तिच्या पायांवरून उतरली नाही.

आता कबुली. मेल यायच्या दोनेक आठवडे आधी आई म्हणाली होती, 'हिला वास येतोय गं.' मी नाक लावून पाहिलं. येत होता, अगदी थोडा, गरम प्लॅस्टिकचा. मी म्हणाले, 'उन्हाळाभर बंद पडून होती, येणारच वास.' आईने मान हलवली आणि गोधडी पुन्हा पायांवर ओढली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे. ही गोष्ट मला नंतर फार टोचली.

मेलमधल्या दुव्यावर मी टिचकी मारली नाही. अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनची, म्हणजे सीपीएससीची साइट वेगळी उघडली आणि तिथे शोधलं. १९७२ च्या कायद्याने उभं राहिलेलं हे सरकारी खातं. पाळण्यापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत घरगुती वस्तूंवर त्याची नजर असते. रिकॉलच्या, म्हणजे सदोष वस्तू परत मागवण्याच्या सूचना तिथे सगळ्या एकाच साच्यात असतात. वस्तूचं नाव, धोका काय, उपाय काय, किती नग विकले, किती तक्रारी आल्या, कुणाला इजा झाली का, कुठे आणि कधी विकली, कुणी आणली, कुठे बनली. आमची गोधडी तिथे होती. धोक्याच्या रकान्यात लिहिलं होतं की ती जास्त तापू शकते, भाजण्याचा आणि आग लागण्याचा धोका आहे. उपायाच्या रकान्यात एकच शब्द होता, रिफंड. आणि खाली ठळक अक्षरात: वापर ताबडतोब थांबवा.

घरी फोन लावला. आईने तिसऱ्या रिंगला उचलला.

'आई, गोधडी आत्ता पायांवर आहे का?'

'मग कुठे असणार?'

'प्लग काढ. भिंतीतला.'

'का गं, बिल फार आलं?'

संध्याकाळी घरी येऊन मी गोधडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दिव्याखाली पसरली. वायर जिथे कापडात शिरते तिथे एक चपटा प्लॅस्टिकचा जोड असतो, तो दाबून बाहेर काढता येतो म्हणजे गोधडी धुता येते. तो काढला. पांढऱ्या प्लॅस्टिकवर, दोनपैकी एका पिनेच्या भोवती, टिकलीएवढा तपकिरी डाग होता. कडा किंचित लिबलिबीत होऊन पुन्हा घट्ट झाल्यासारखी, मेणबत्तीच्या ओघळासारखी. नवऱ्याने चष्मा काढून जवळून पाहिलं. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, पण या घरात त्याची विद्या आजवर फ्यूज पाहण्यापलीकडे कधी लागली नव्हती. म्हणाला, जोड सैल असला की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की तिथेच उष्णता साठते. आतल्या तारा कुठे तापल्या तर कंट्रोलरला कळतं आणि तो बंद होतो; पण जोडातच गडबड असेल तर कंट्रोलरला काय कळणार? माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: आई दुपारची डोळा लागून सोफ्यावर आडवी झालेली आणि तो जोड तिच्या पोटरीखाली.

पोटरीवरून आठवलं. आईच्या दोन्ही नडग्यांवर गेले काही दिवस एक विचित्र नक्षी आली होती. तांबूस-तपकिरी जाळी, मासे धरायचं जाळं कातडीखाली पसरावं तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काकू, शेकत बसता का?' या डागांना एरिथेमा अब इग्नी म्हणतात, लॅटिन शब्द, विस्तवाने आलेली लाली. भाजायला पुरेसा नाही अशा मंद शेकात आठवडेच्या आठवडे राहिलं की येते. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर ती पूर्वी हमखास दिसायची. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या आत कांगडी, निखाऱ्यांचं मडकं, घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर दिसते, आणि तिथे वर्षानुवर्षांच्या शेकाने क्वचित कातडीचा कर्करोगही होतो. आईला त्यांनी घाबरवलं नाही, शेक बंद केला की बहुतेक फिका पडेल म्हणाले. पण एका गोष्टीवर मला झापलं. आईला मधुमेह आहे, तळपायांची जाणीव कमी झालेली आहे. गरम किती झालं हे सांगायचं काम ज्या कातडीचं, तीच बधिर. अशा माणसाला विजेच्या शेकावर सोडून कामावर जायचं नसतं.

मग मी रात्री वाचत बसले, वाचायला नको होतं तरी. कातडीशी ४४ अंश सेल्सिअस सतत राहिलं तर साधारण सहा तासांत भाजू शकतं. ४४ अंश म्हणजे काही उकळतं पाणी नव्हे, आपण त्याला छान कोमट-गरम म्हणतो. १९९५ च्या डिसेंबरात सीपीएससी आणि इथलं औषध खातं एफडीए यांनी मिळून विजेच्या शेकपट्ट्यांबद्दल एक इशारा काढला होता. त्यात होतं की वर्षाला सरासरी ८ मृत्यू, बहुतेक ६५ च्या वरचे, आणि साधारण १,६०० जण भाजून दवाखान्याच्या तातडीच्या विभागात येतात. झोपलेल्या माणसाच्या अंगावर वापरू नका, अंगाखाली घेऊ नका, घडी घालू नका, मधुमेहाने कातडी बधिर झालेल्यांच्या अंगावर वापरू नका, हेही त्यात होतं. आमच्या गोधडीसोबत आलेल्या पत्रकातही जवळपास हेच सगळं छापलेलं होतं, मुंगीच्या अक्षरात. ते पत्रक मी खोक्यासकट रद्दीत टाकलं होतं. तेव्हा सदोष जोड कंपनीचा, पण जाळीचा दोष कंपनीवर ढकलायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या रिकॉलच्या पानावर अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, कधी घेतली, मॉडेल नंबर, तारखेचा कोड. शेवटचे दोन गोधडीला शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर असतात. चारही कोपरे पाहिले, पट्टी कुठेच नाही. एका कडेला फक्त उसवलेल्या टाक्यांची भोकं.

'आई, इथली पट्टी?'

'टोचत होती. उसवली.'

'आणि?'

आई उठली, तिच्या खोलीत गेली आणि डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा घेऊन आली. हा डबा नाशिकहून आलेला नाही, तिने इथे आल्यावर दुसऱ्या आठवड्यात रिकामा करून मिळवला होता. आत सुया, दोरे, वेगवेगळ्या शर्टांची बटणं, माझ्या मुलाच्या जाकिटाची तुटलेली झिप आणि एका चौकोनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेली ती पट्टी. 'म्हटलं, काही लिहिलंय त्यावर, कधी लागलं तर.' माझी आई काही टाकत नाही. या स्वभावाला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, त्या दिवशी गप्प बसले. पट्टीवरचा कोड यादीतल्या कोडशी जुळला.

अर्जात एक प्रश्न होता, कुणाला इजा झाली आहे का? मी हो केलं, खाली आईच्या नडग्यांवरचा डाग लिहिला, जोडाचा फोटो लावला. त्याने सगळा मार्ग बदलला. दुसऱ्या दिवशी फोन आला, मुलगी अगदी गोड बोलत होती. म्हणाली, अशा प्रकरणात वस्तू अजून कापू नका, आमचा दुसरा विभाग कळवेल. हे मात्र सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. रिकॉलच्या सूचनेत पुष्कळदा वायर कापा असं लिहिलेलं असतं आणि आपण आज्ञाधारक, कात्री घेऊन बसतो. पण काही जळलं असेल, कुणाला भाजलं असेल, तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि वस्तू तशीच ठेवा. एकदा कापली की दाखवायला काही उरत नाही.

दहा दिवस गोधडी गॅरेजमध्ये खोक्यात पडून होती. आई रोज विचारायची, 'आली का फाशीची तारीख?'

त्या दहा दिवसांत मी सीपीएससीच्या सेफरप्रॉडक्ट्स या साइटवर स्वतः तक्रार नोंदवली. २०११ पासून ही सोय आहे, कुणीही नोंदवू शकतं. वीसेक मिनिटं लागली. नोंदवली की ते ती पाच कामकाजाच्या दिवसांत कंपनीकडे पाठवतात, आणि पाठवल्यानंतर दहाव्या कामकाजाच्या दिवशी सगळ्यांना दिसेल अशी छापतात. कंपनीने उत्तर दिलं तर तेही सोबत. आपलं नाव छापत नाहीत आणि आपण हो म्हटल्याशिवाय कंपनीलाही देत नाहीत. नवरा म्हणाला, रिकॉल तर झालाच आहे, आता तक्रार कशाला? मला वाटलं, रिकॉल झाला तो कुणीतरी हा रकाना भरत बसलं म्हणूनच ना.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकलं. पहिलं उत्तर आलं, 'फॉरवर्डेड आहे का? खात्री केलीस?' दुसरीने हात जोडले. तिसरी म्हणाली, माझ्याकडे हुबेहूब अशीच आहे, पण मी दुकानातून रोखीने घेतली होती, मला मेल कसा येणार? आला नव्हताच. तिची सासू त्याच रात्री ती अंगावर घेऊन झोपली होती. दोन-तीन दिवसांत अजून दोघी निघाल्या. एकीला ती भेट म्हणून मिळाली होती, एकीने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून पाच डॉलरला उचललेली. खरं तर २००८ पासून रिकॉल झालेली वस्तू विकणं इथे बेकायदा आहे, पण गॅरेज सेलच्या टेबलामागे बसलेल्या आजोबांना ते कोण सांगणार? आईनेही सुचवलं होतंच, 'इतकी मऊ आहे, दान पेटीत टाकू या, कुणा गरिबाला होईल.' तिला समजावताना माझी दमछाक झाली. तिच्या हिशोबात दान वाईट असूच शकत नाही.

अकराव्या दिवशी मेल आला. तपासणीसाठी वस्तू नको, आता नष्ट करा. कसं करायचं त्याच्या पायऱ्या दिल्या होत्या: प्लग काढा, वायर कापा, गोधडीवर कायम टिकणाऱ्या शाईने इंग्रजीत 'रिकॉल्ड' लिहा, आणि पट्टी, कंट्रोलर, कापलेली वायर आणि तो शब्द असं सगळं एका फोटोत येईल असा फोटो पाठवा.

कात्री माझ्या हातात, आई शेजारी. तिचा चेहरा मला अजून दिसतो. चालू स्थितीतली वस्तू मुद्दाम मोडायची ही कल्पनाच तिला सहन होईना. तिच्या आयुष्यात वस्तू मोडतात, मग दुरुस्त होतात, मग पुन्हा मोडतात, मग त्यांची पिशवी किंवा पायपुसणं होतं. वायर कट्कन तुटली आणि ती 'अरेरे' म्हणाली, चहा सांडल्यावर म्हणते तसं. लिहायचं काम मुलाने केलं. तो पाचवीत आहे, अक्षर मोठं आहे. आई बघत म्हणाली, 'आम्ही लग्नात भांड्यांवर नावं घालायचो, ती वस्तू कुणाची हे कळावं म्हणून. तुमच्यात ती कुणाचीच नाही हे कळावं म्हणून घालतात.'

फोटो पाठवला. चार दिवसांनी नकार. कारण, पट्टी गोधडीला जोडलेली दिसत नाही.

मी चिडून फोन लावला. चाळीस मिनिटं तेच पियानोचं संगीत. मग एक मुलगा आला, त्याने मान्य केलं की कोड जुळतो आहे, बिल जुळतं आहे, पण फोटोत पट्टी जोडलेली हवी, नाहीतर त्याच्या पडद्यावर पुढचं बटण उघडत नाही. सरकारी कचेरीत हे ऐकायची सवय आपल्याला असते. आठ हजार मैलांवर येऊनही साहेबाचा तोच पडदा आणि तेच बटण.

आईला सांगितलं. तिला अजिबात राग आला नाही, उलट खुललीच. निळा डबा उघडला, पांढरा दोरा काढला, चष्म्यावरून सुईचं नाक शोधलं. मारायच्या वस्तूला आधी नीट शिवायचं, हे काम तिच्या आवाक्यातलं होतं.

'कच्चा टाका चालेल गं आई, फोटोपुरतं.'

'घालायचा तर पक्का घालावा,' असं म्हणून तिने दुहेरी दोऱ्याने, जुन्या भोकांतूनच, पट्टी चारी बाजूंनी पक्की शिवली. शेवटी गाठ मारून दोरा दाताने तोडला. फोटो काढला, पाठवला, मंजूर.

तेवढ्यात आईने शांतपणे विचारलं, 'आणि मावशीची?'

माझ्या पोटात धस्स झालं. मागच्या वर्षी मी दोन घेतल्या होत्या, सवलत होती म्हणून. मावसभाऊ कामानिमित्त इकडे आला होता, जाताना एक त्याच्या बॅगेत घातली, मावशीसाठी. मावशी निफाडजवळ खेड्यात राहते, घराला लागून द्राक्षाची बाग. निफाडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना महाराष्ट्रात असं काही असतं हे पटत नाही. जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो, बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. मावशीचा फोन आला होता तेव्हा, 'काय भारी वस्तू पाठवलीस पोरी.' आणि मी ती विसरूनही गेले होते. मेल आला तो माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर. निफाडला कोण कळवणार? ऑर्डर माझी होती, पाय मावशीचे होते, आणि सगळ्या यंत्रणेत पायांसाठी रकानाच नव्हता.

व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे साडेसात, मावशी ओसरीवर, अंगावर गोधडी. शेजारी भिंतीला टेकून एक लोखंडी ठोकळा घूं घूं करत होता.

'मावशी, तो काय?'

'स्टेपडाऊन. तुझ्या भावाने नाशकातून आणला. म्हणाला, त्याच्याशिवाय लावायची नाही.'

त्याबद्दल भावाला मी मनात साष्टांग नमस्कार घातला. इकडची वस्तू १२० व्होल्टची, भारतात २३०; तो ठोकळा विजेचा दाब उतरवून देतो. थेट लावली असती तर तारांमध्ये साडेतीन पटीहून जास्त उष्णता झाली असती, क्षणभर. पुढचा क्षण आला नसता. तरीही माझं समाधान होईना. लाइट जाते, येते, येताना कधी कमी कधी जास्त दाबाने येते. या खेळासाठी ती गोधडी कुणी तपासलेली नव्हती. आणि जोड तर तोच, त्याच तारखेच्या कोडचा.

'मावशी, ती वापरायची नाही आता. बिघाड आहे, कंपनीने परत मागवली आहे.'

'परत? अमेरिकेला? पोस्टाने?'

'नाही, कापायची आहे.'

मावशी गप्प झाली. मग म्हणाली, 'काय बोलतेस. माझी तर छान चालते.'

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, माझ्याच तोंडून. पंधरा मिनिटं समजावलं. मी आग म्हटलं, ती म्हणाली, आग आम्ही अंगणात रोज लावतो. मी भाजेल म्हटलं, ती म्हणाली, भाजलं की काढीन. शेवटी आईने फोन घेतला. मधलं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, पण आईने साडी वर करून कॅमेऱ्याला नडग्या दाखवल्या एवढं पाहिलं. मावशी म्हणाली, 'अगं बाई.' आणि विषय संपला.

मावसभाऊ वकिली डोक्याचा. तो म्हणाला, आपल्याकडेही कायदा आहे की, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवायला लावता येतो. २०२२ मध्ये त्यांनी सरकारी मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना ग्राहकांना कळवून कुकर परत घ्या, पैसे द्या असे आदेश दिले होते. १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन करू का? पण ही वस्तू भारतात विकलेलीच नाही, बिल नाही, आयातदार नाही. बॅगेतून आलेली भेट. तो म्हणाला, 'म्हणजे आपली गोधडी कायद्याने कुठेच नाहीये.' अशा किती वस्तू दर डिसेंबरात बॅगांतून आपल्या घरांत येतात, मसाजर, शेकपट्ट्या, नेब्युलायझर. मी तरी आता ऑर्डरच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे कुणाला दिली ते लिहून ठेवते. जरा वेडेपणाच वाटतो, पण लिहिते.

कंपनीला विचारलं, दुसरी वस्तू परदेशात आहे, फोटो तिथून चालेल का? चालेल, तारखेचा कोड दिसला पाहिजे. मावशीने पट्टी उसवलेली नव्हती, देवाची कृपा. भावाने वायर कापली ती द्राक्षछाटणीच्या कात्रीने, फोटोत लाल मुठी स्पष्ट दिसत होत्या. मात्र गोधडीवर त्याने जाड मार्करने लिहिलं होतं, 'रद्द', खाली सही आणि तारीख, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मारतात तशी तिरकी. मी तसाच पाठवला. नकार आला, अपेक्षेप्रमाणे. इंग्रजी शब्द हवा. त्याने 'रद्द'च्या खाली तो लिहून पुन्हा पाठवला आणि मला विचारलं, 'आता शिक्का मारू का पंचायतीचा?'

पैसे पाच आठवड्यांनी आले, दोन्ही गोधड्यांचे, मूळ किमतीइतके, एका आभासी कार्डावर. त्याचा मेल स्पॅममध्ये सापडला. डागाबद्दल त्यांच्या त्या दुसऱ्या विभागाने एक फॉर्म पाठवला होता, त्याच्या शेवटच्या पानावर सही केली की पुढे काही मागणार नाही असं कलम होतं. मी सही केली नाही, पुढे काही मागितलंही नाही. आईच्या नडग्यांवरची जाळी मार्चपर्यंत अर्ध्याहून फिकी झाली. त्या पैशांतून तिला जाड लोकरी पायमोजे आणि एक साधी रबरी पिशवी घेतली. ती म्हणाली, 'हेच तर आणलं असतं मी नाशिकहून.'

आमची गोधडी कचऱ्याच्या गाडीत गेली. मावशीची नाही गेली. नष्ट करायची म्हणजे काय, हे मी तिला नीट सांगितलं होतं, तिने हो हो केलं होतं. एप्रिलमध्ये व्हिडिओवर पाहिलं तर नातू त्याच गोधडीवर लोळत होता, 'रद्द' वर दुधाचा डाग. मावशीने एक कोपरा उसवून, पायजम्याची नाडी ओढावी तशी, आतली तार सगळी बाहेर ओढून काढली होती आणि तोंड पुन्हा शिवलं होतं.

'आणि तार काय केलीस?'

तिने फोन फिरवला. परसात दुधीचा वेल मांडवावर चढवला होता, प्रत्येक फांदी पांढऱ्या बारीक तारेने नीट गाठ मारून बांधलेली.